इंटरॅक्शन डिझायनर व्हायचंय? मग बटण दाबल्यानंतरचं बघा

पुण्या-मुंबईतल्या वेब कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती ओळीनं वाचल्या, तर नवख्या माणसाची छाती दडपते. वर लिहिलेलं असतं, ‘यूआय-यूएक्स डिझायनर पाहिजे’, म्हणजे स्क्रीनचं रूप आणि वापरण्याचा अनुभव या दोन्हींचं डिझाइन करणारा. खाली यादी: फिग्मा (स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर), फोटोशॉप, एचटीएमएल आणि सीएसएस (वेब पान बांधायची आणि सजवायची भाषा), रिॲक्ट (वेब पानांच्या प्रोग्रामिंगचं एक साधन) येत असेल तर उत्तम, ग्राहकांशी बोलता यावं, मजकूर लिहिता यावा, आणि जमल्यास सोशल मीडियाच्या पोस्टही करून द्याव्यात. चार-पाच जणांची कामं एका पगारात बसवलेली असतात. दर वेळी त्यात लबाडीच असते असं नाही. सहा-सात माणसांच्या ऑफिसात कामं अशीच वाटली जातात. जो मोकळा दिसेल त्याच्या गळ्यात पडतात.

पण ही यादी अभ्यासक्रम समजून वरून खाली शिकायला बसलात, तर वर्षभरानं सगळ्यातलं थोडं थोडं येतं आणि बिनधास्त सोपवावं असं एकही काम येत नाही. इंटरॅक्शन डिझायनरच्या कामाला एक गाभा आहे. तो पक्का करायचा आणि शेजाऱ्यांच्या कामातलं किती शिकायचं ते ठरवून शिकायचं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलंय: एसटीचं तिकीट ऑनलाइन काढणं.

पायरी १ : आपलं काम कोणतं ते ओळखा

बिल मॉग्रिज या ब्रिटिश डिझायनरनं ‘ग्रिड कंपास’ या कॉम्प्युटरचं बाह्यरूप घडवलं. १९८२ मध्ये बाजारात आलेला, पडदा मिटून ठेवता येणारा हा अगदी सुरुवातीच्या लॅपटॉपपैकी एक. यंत्र स्वतः वापरायला घेतल्यावर मॉग्रिजच्या लक्षात आलं, की बिजागरी, कडा, कीबोर्ड यांच्याकडे आपलं लक्ष थोडाच वेळ राहतं. मग माणूस पडद्याच्या आत जे चाललंय त्यात गुंतून जातो. म्हणजे त्या आतल्या वागण्याचंही डिझाइन व्हायला हवं. या कामाला त्यानं आणि बिल व्हरप्लँकनं ‘इंटरॅक्शन डिझाइन’ हे नाव १९८० च्या दशकात दिलं.

व्हरप्लँक या कामाची मांडणी तीन प्रश्नांत करतो. माणूस हे करणार कसं? करताना त्याला काय जाणवणार? आणि काय चाललंय हे त्याला कळणार कसं? पहिल्या प्रश्नावर, म्हणजे बटणं, रकाने, मेनू यांवर, सगळेच मेहनत घेतात. तिसरा वाऱ्यावर सोडलेला असतो. ‘पैसे भरा’ दाबल्यावर चक्र फिरत राहतं आणि माणूस फोन हातात धरून बसतो: दाबलं गेलं का? पुन्हा दाबू का? दोनदा पैसे जातील का?

वेबच्या कामात दोन स्क्रीनच्या मधला हा वेळ तुमचा. स्क्रीन कशी दिसते यावर दहा जणांची मतं असतात. बटण दाबल्याबरोबर काय दिसेल, उत्तर यायला उशीर झाला तर काय, नेट गेलं तर काय, मागे गेलं तर भरलेलं राहील का, हे बहुतेक वेळा कुणीच ठरवलेलं नसतं. उशिराचे ढोबळ आकडे पाठ करून ठेवा. वापरसुलभतेचा अभ्यासक याकोब नील्सन यानं ते १९९३ मध्ये मांडले आणि आजही चालतात. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांपुढे लक्ष उडतं, म्हणून तिथे काम किती झालं ते दाखवावंच लागतं.

पायरी २ : शेजारी ओळखा

अमेरिकी वेब डिझायनर जेसी जेम्स गॅरेट यांनी २००० मध्ये वेबच्या कामाची एका पानावर मावणारी आकृती प्रसिद्ध केली. तिच्यात खालून वर पाच थर आहेत: उद्देश, व्याप्ती, रचना, सांगाडा आणि पृष्ठभाग. इंटरॅक्शन डिझाइन मधल्या, रचनेच्या थरात बसतं. त्याच थरात शेजारी बसते माहितीची मांडणी, म्हणजे इन्फर्मेशन आर्किटेक्चर. स्क्रीनवर कुठे काय ठेवायचं हा त्यावरचा थर आणि रंग-रूप सगळ्यात वर. नवीन मुलं बहुतेक वरूनच सुरुवात करतात, कारण फिग्मा उघडल्यावर पहिल्यांदा रंग आणि फॉन्टच समोर येतात. आकृती शोधून एकदा नीट बघा, पुढची बरीच भांडणं आधीच समजतील.

प्रत्यक्ष ऑफिसात शेजारी म्हणजे रिसर्चर, व्हिज्युअल डिझायनर, मजकूर लिहिणारा, फ्रंटएंड डेव्हलपर (स्क्रीनवर दिसणारा भाग कोडमध्ये बांधणारा), प्रॉडक्ट मॅनेजर (काय बनवायचं ते ठरवणारा) आणि टेस्टर (बनलेलं तपासणारा). यातला टेस्टर करिअरच्या भाषणांत कुणाच्या तोंडी येत नाही, पण माझ्या मते तोच तुमचा सगळ्यात जवळचा नातेवाईक. ‘आणि असं झालं तर?’ हा प्रश्न तुम्ही काम सुरू होण्याआधी विचारता, तो काम झाल्यावर विचारतो. त्याच्या जुन्या तक्रारींची यादी मागून वाचा. कुठल्याही कोर्सपेक्षा लवकर शहाणे व्हाल.

पायरी ३ : एक काम घ्या आणि कागदावर फोडा

कॉम्प्युटर बंद. मोठा कागद आणि पेन. एसटीचं सध्याचं संकेतस्थळ कसं आहे ते विसरा. तिकीट काढण्याची सोय तुम्हाला कोऱ्या पाटीवर मांडायची आहे असं धरा. चार चौकोन तर कुणीही काढेल: कुठून-कुठे, कोणती गाडी, कोण प्रवासी, पैसे. आता प्रत्येक चौकोनात बोट घाला.

‘कुठून’ या रकान्यात माणूस ‘शिवाजीनगर’ लिहितो. मेट्रोच्या कामामुळे ते बसस्थानक वाकडेवाडीला हललं. यादीत फक्त वाकडेवाडी असेल, तर लिहिणाऱ्याला वाटेल इथून गाडीच नाही. कुणी ‘उस्मानाबाद’ लिहील, कुणी ‘धाराशिव’. कुणी ‘औरंगाबाद’, कुणी ‘संभाजीनगर’, कुणी नुसतं ‘नगर’. थांब्यांची अधिकृत नावं आणि त्यांची पर्यायी नावं जुळवणं हे माहितीच्या मांडणीचं काम. पण जुनं नाव लिहिल्यावर नेमकं काय घडेल, हे तुमचं. मी जुनं नाव निमूट स्वीकारून शेजारी नवं नाव दाखवलं असतं. माणूस गाडी शोधायला आलाय, नावाची दुरुस्ती करून घ्यायला नाही.

प्रवाशाचा चौकोन दिसतो साधा, पण खरी गंमत तिथे आहे. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ऑगस्ट २०२२ पासून. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धं तिकीट. आता ६८ वर्षांच्या आजी आल्या. दोन्ही सवलती लागू. पैसे तेवढेच, पण नोंद कुठल्या सवलतीखाली करायची? हे आजींना विचारायचं, की यंत्रणेनं आपलं आपण ठरवायचं? माझं मत: वय आणि लिंग एवढंच विचारा, सवलत आपोआप लावा आणि ती का लागली हे एका ओळीत सांगा. सवलतींची लांबलचक यादी पुढे करून ‘निवडा’ म्हणणं म्हणजे शासन निर्णय वाचायचं काम प्रवाशाच्या अंगावर टाकणं.

पुढे जा. महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. गाडी पुणे ते पणजी असेल, तर हद्दीपर्यंत अर्धं भाडं आणि पलीकडे पूर्ण. भाड्याच्या जागी एकच आकडा दाखवलात, तर ‘अर्धं तिकीट म्हणता आणि अर्ध्यापेक्षा जास्त कसे?’ हा प्रश्न गाडीत कंडक्टरला ऐकावा लागेल. इथे दोन ओळी जास्त लागतील. व्हिज्युअल डिझायनर म्हणेल, गर्दी होतेय. तिथे मागे हटू नका. हवं तर गाड्यांची यादी सुटसुटीत ठेवा आणि भाडं उलगडून दाखवायची जागा पुढच्या स्क्रीनवर द्या.

आणि ८० वर्षांचे आजोबा? भाडं शून्य. मग पैसे भरायची स्क्रीन येणार का? आरक्षणाचं शुल्क घ्यायचं का? हा नियम तुम्ही मनानं ठरवायचा नाही, विचारायचा आहे. पण विचारायचं सुचणं हे मात्र तुमचंच काम. ‘शून्य रुपये भरा’ असं बटण असलेली स्क्रीन कुणी मुद्दाम बनवत नाही. कुणीच विचारलं नाही म्हणून ती बनते.

आता पैसे. माणूस यूपीआयचं ॲप उघडायला तुमच्या पानावरून बाहेर जातो. तेवढ्या वेळात ती सीट त्याच्यासाठी राखलेली राहते का, किती मिनिटं, आणि ती मुदत त्याला दिसते का? गणपतीत कोकणच्या गाड्यांचं आरक्षण सुरू असताना हा प्रश्न जिव्हाळ्याचा होतो. पैसे गेले, पण तिकीट आलं नाही, ही सगळ्यात अवघड अवस्था. इथे ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहिणं हा गुन्हा समजावा, कारण माणूस खरंच पुन्हा प्रयत्न करतो आणि पुन्हा पैसे जातात. इथे आधार आहे रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाचा. यूपीआयनं विक्रेत्याला दिलेले पैसे खात्यातून गेले आणि विक्रेत्याकडे पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे तुमचा संदेश ठोस असू शकतो: सीट मिळाली की नाही, पैसे कुठे अडकलेत, कोणत्या तारखेपर्यंत परत येतील, आत्ता दुसरं तिकीट काढलं तर चालेल का. एका संदेशात बँकेचा नियम, मजकूर लिहिणाऱ्याची भाषा, डेव्हलपरकडून येणारी माहिती आणि तुमची रचना असं सगळं एकत्र आलं. भूमिका एकमेकींत शिरतात म्हणतात, त्या अशा.

कागदावरच्या प्रत्येक चौकोनाच्या निदान पाच अवस्था काढा: रिकामी, भरत असलेली, थांबलेली, चुकलेली आणि पूर्ण झालेली. चार चौकोनांचे वीस होतील. भिंतीवर लावा आणि आठवडाभर तसेच राहू द्या.

पायरी ४ : कोण ठरवणार ते लिहून काढा

कामं एकमेकांत शिरणं टाळता येत नाही. भांडणं होतात ती दोघांनाही आपणच ठरवणार असं वाटल्यामुळे. आणि घोळ होतात ते दोघांनाही दुसरा ठरवेल असं वाटल्यामुळे. दुसरा प्रकार जास्त महाग पडतो.

उपाय अगदी कारकुनी आहे. भिंतीवरच्या कागदावरून निर्णयांची यादी करा आणि प्रत्येकासमोर दोन नावं लिहा: ठरवणार कोण, आणि ठरवण्याआधी विचारायचं कुणाला. सीट किती मिनिटं राखायची? प्रॉडक्ट मॅनेजर ठरवेल, डेव्हलपरला विचारून. मुदत संपत आल्याचं कसं कळवायचं? तुम्ही ठरवाल, मजकूरवाल्याला विचारून. इशाऱ्याचा रंग? व्हिज्युअल डिझायनर ठरवेल, तुम्हाला विचारून. भूमिकांची नावं लिहू नका, माणसांची लिहा. छोट्या ऑफिसात तीन ठिकाणी तुमचंच नाव येईल; येऊ दे, निदान ते सगळ्यांना दिसेल. पगारवाढीच्या बोलण्यात हा कागद उपयोगी पडतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

पायरी ५ : शेजाऱ्यांचं किती शिकायचं

एचटीएमएल आणि सीएसएस: साधा फॉर्म स्वतः लिहून ब्राउझरमध्ये चालवता येईल इतपत. डेव्हलपर व्हायला नाही, तर फुकट काय मिळतं ते कळायला. मोबाइल नंबराच्या रकान्यावर आकड्यांचा कीबोर्ड आणणं हे एका शब्दाचं काम आहे, हे माहीत असलं की तुम्ही ते मागाल. जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेतली अंक ओळखायची नेहमीची खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. मराठी कीबोर्डवरून कुणी देवनागरी अंकांत नंबर लिहिला तर रकाना ‘चुकीचा नंबर’ म्हणतो. असले बारकावे डेव्हलपरला शिकवायचे नसतात, पण त्याच्यापुढे ठेवायचे असतात. रिॲक्ट सध्या सोडा.

व्हिज्युअल डिझाइन: फॉन्ट, अंतर आणि रंगातला फरक, एवढं पुरे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक साध्या अक्षरांसाठी निदान ४.५ : १ हवा, हा वेबच्या सुलभता निकषांतला, म्हणजे दिव्यांगांनाही पान वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजीमधला, आकडा आहे. त्याच निकषांच्या २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीनुसार, काही अपवाद सोडले तर, बोटानं दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी. मराठी पान असेल तर आणखी एक: ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवलंत तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. आणि पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहिलं, तर ज्या फॉन्टमध्ये सोय असते त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. डिझाइन इंग्रजीत मंजूर करून घेऊन शेवटच्या आठवड्यात ‘मराठी टाका’ म्हणणाऱ्या ऑफिसांत हे सगळं एकदम उघडं पडतं.

मजकूर मात्र पूर्ण शिका. बटणावरचा शब्द, चूक झाल्याचा संदेश, रिकाम्या यादीतली ओळ ही इंटरॅक्शनच आहे. ‘सबमिट’ लिहायचं की ‘तिकीट काढा’, यानं वापरण्यात जो फरक पडतो तो सावल्या आणि गोलसर कडांनी पडत नाही.

सुलभता वेगळा विषय म्हणून शिकू नका, रोजच्या कामात घाला. आठवड्यातून एकदा माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर आपलं पान चालवा. एकदा फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, सुरू करून डोळे मिटून तिकीट काढून बघा. सरकारी कामं घेणाऱ्या कंपनीत जाणार असाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आणि सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं माहीत हवीतच.

फिग्मा? दोन आठवडे. त्याचे तीन महिन्यांचे कोर्स कशाला असतात ते मला अजून कळलेलं नाही.

पायरी ६ : पाच माणसांपुढे ठेवा

पेनानं काढलेल्या स्क्रीनही चालतात. पाच माणसं शोधा. त्यात निदान दोन अशी, जी तुमच्या वयाची नाहीत आणि कॉम्प्युटरच्या धंद्यातली नाहीत. पाचच का, तर मोठमोठे घोळ पहिल्या चार-पाच जणांतच दिसायला लागतात. मग दुरुस्त करून पुन्हा पाच जण बोलवावेत, हे बरं.

काम द्या, सूचना देऊ नका. ‘परवा सकाळी आईला घेऊन कोल्हापूरला जायचंय, तिकीट काढा.’ बस्स. ‘इथे सवलत दिसतेय का?’ असं विचारलंत की चाचणी संपली, कारण आता त्यांना ती दिसणारच. सुरुवातीला स्वच्छ सांगा: काका, परीक्षा तुमची नाही, या पानाची आहे, अडलात तर दोष पानाचा. तरीही आपल्याकडची माणसं भिडेपोटी ‘छान आहे, छान आहे’ म्हणतात. त्यामुळे तोंडाकडे कमी आणि बोटाकडे जास्त बघा. बोट हवेत थांबलं की वेळ आणि जागा टिपून ठेवा. मदत करायला तुमचा हात शिवशिवेल. तो मांडीखाली ठेवा.

मोठ्या कंपनीत हे काम रिसर्चरचं असतं. तिथेही हजर राहायचा हट्ट धरा, कोपऱ्यात गप्प बसायच्या अटीवर. अहवालात ‘वापरकर्त्यांना भाडं समजलं नाही’ असं वाक्य येतं; ते वाचणं आणि एखाद्या काकूंनी तीनदा बेरीज करून पाहिलेली बघणं, यांत फार अंतर आहे.

पायरी ७ : डेव्हलपरच्या हाती देताना

सुंदर स्क्रीनची फाइल पाठवून मोकळे होऊ नका. सोबत साध्या भाषेत लिहा: हे दाबल्यावर हे होईल, उत्तर एका सेकंदात आलं नाही तर हे दिसेल, बटण एकदा दाबल्यावर पुन्हा दाबलं जाणार नाही, मागे गेल्यास प्रवाशाचं नाव आणि वय भरलेलं राहील. मग शेजारी खुर्ची ओढून बसा. अर्ध्या गोष्टींना तो ‘हे असं होणार नाही’ म्हणेल. त्यातल्या काही खरंच होणार नसतात, काहींना वेळ लागणार असतो आणि काही त्याला कंटाळवाण्या वाटतात. तिन्हींतला फरक ओळखता यावा, याचसाठी पाचव्या पायरीतलं एचटीएमएल.

पायरी ८ : काम दाखवा, नोकरी बघा

शिक्षणाची वाट हवी असेल तर आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं विद्यालय, १९६९ मध्ये सुरू झालेलं, तिथे या विषयात एम.डेस. ही डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी करता येते, प्रवेशासाठी सीड ही परीक्षा असते. पदवी नसताना या धंद्यात उतरलेलेही पुष्कळ आहेत. दोघांनाही पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाचा नमुनासंग्रह, चुकत नाही.

त्यात पंधरा ॲपच्या चकचकीत स्क्रीन नकोत. एकच काम दाखवा, पण पोटातून: भिंतीवरचा कागद, ८० वर्षांच्या आजोबांचा प्रश्न, पहिल्या चाचणीत कुठे बोट थांबलं, त्यानंतर काय बदललं, आणि कुठला निर्णय दुसऱ्याचा होता. ‘सगळं मीच केलं’ असं लिहिणाऱ्याकडे अनुभवी माणूस संशयानं बघतो.

मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतातच. विचारा: ‘तुमच्याकडे चूक झाल्यावर दिसणारे संदेश कोण लिहितं?’ ‘डेव्हलपर त्याच्या मनानं लिहितो’ असं उत्तर आलं, तर इथे शिकवणारं कुणी नाही, पण करून दाखवायला मैदान मोकळं आहे. एखाद्या माणसाचं नाव आलं, तर त्याच्या हाताखाली काम मिळेल का ते पुढचं विचारा. आणि समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले, तर जाहिरातीतली ती लांबलचक यादी काढा आणि त्यातली कुठली कामं तुमच्याकडे येणार ते पगाराचा आकडा बोलायच्या आधी ठरवून घ्या.